उसना गहिवर

गेल्या काही वर्षांत आमच्या सुशिक्षित कुटुंबांतून एका विशिष्ट जातीच्या इंग्रजी कादंबऱ्यांचे वाचन फार वाढले आहे. त्यांचा साचा एकदा ध्यानात आला म्हणजे पुढचे पुस्तक न उघडताही सांगता येते. आजच्या लंडनमधील एक तरुण स्त्री, संसार मोडलेली किंवा आईच्या मरणाने खचलेली, वारशाने मिळालेल्या खेड्यातील एका घराचे कुलूप उघडते. माळ्यावर पत्र्याची पेटी असते. पेटीत फितीने बांधलेली पत्रे असतात. मग एक प्रकरण आजचे, एक प्रकरण १९४० सालचे, असे वेणीचे दोन पेड एकमेकांवर पडत जातात. जुन्या पेडात काळोख केलेल्या खिडक्या असतात, शहरातून आलेली पोरकी मुले असतात, एक वैमानिक असतो आणि तो बहुधा परत येत नाही. शेवटच्या प्रकरणात आजीचे गुपित उलगडते, नातीचे मन हलके होते आणि वाचक डोळे पुसतो. अशा कादंबरीस आम्ही सोयीसाठी 'दुपेडी कादंबरी' म्हणू.

या कादंबऱ्या आम्हीही वाचल्या आहेत. त्यांतील काहींसाठी रात्री उशिरापर्यंत दिवा मालवला नाही, हे कबूल करण्यात आम्हांस कमीपणा वाटत नाही. तेव्हा परकीय वाङ्मय वाचू नये असला सोवळा उपदेश येथे कोणी अपेक्षू नये. आमची तक्रार इंग्रज लेखकाविरुद्ध नाहीच. ती आमच्या वाचकाविरुद्ध थोडी आणि आमच्या लेखकाविरुद्ध फार आहे.

इंग्रज लेखकाने जे केले ते आपल्या गावाशी प्रामाणिक राहून केले आहे. १९३९ च्या सप्टेंबरात अवघ्या काही दिवसांत सुमारे १५ लाख माणसे, त्यांत बहुसंख्य मुले, इंग्लंडातील शहरांतून खेड्यापाड्यांत हलविण्यात आली. एका रात्रीत परके मूल आपल्या चुलीपाशी येऊन बसले, तेव्हा त्या खेड्यांचे औदार्य दिसले आणि कोतेपणाही दिसला. डॉर्सेट परगण्यातील टाइनहॅम या गावाची हकीकत तर कल्पितासही लाजविणारी आहे. १९४३ च्या डिसेंबरात सैन्याच्या सरावासाठी ते गाव रिकामे करण्यात आले. २२५ माणसे घरदार सोडून निघाली. निघताना देवळाच्या दारावर एक चिठ्ठी लावून गेली, की घरे नीट सांभाळा, आम्ही परत येऊ. युद्ध संपले, पण गाव परत मिळाले नाही. असल्या गावाच्या पोटी दुपेडी कादंबरी जन्मली तर नवल ते काय? भंगलेली भिंत आज समोर उभी आहे, आणि तिच्या आत कोण राहत होते हे विचारणारे मूलही समोर उभे आहे. दोन काळ एका जागी आणण्याची गरज तेथे जागेनेच निर्माण केली आहे.

आता आमच्याकडे पाहा. मराठीत ऐतिहासिक कादंबरी म्हटली की गड, तलवार, खलिता आणि दरबार. हरिभाऊ आपट्यांपासून ही परंपरा चालत आली आहे. तिने मोठी पुस्तके दिली, हे कोण नाकारील? रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ साली आली, विश्वास पाटलांचे 'पानिपत' १९८८ साली आले. दोन्ही घरोघरी वाचली गेली. परंतु या परंपरेने एक खोड लावली. इतिहास म्हणजे जो पुण्यास, रायगडास किंवा दिल्लीस घडतो तो. खेड्यात घडते ते केवळ शेतीचे रडगाणे. दुसऱ्या महायुद्धाविषयी विचाराल तर विश्राम बेडेकरांचे 'रणांगण' १९३९ सालीच निघाले. पण ते युरोपातून परतणाऱ्या बोटीवर घडते. 'महानायक' १९९८ साली निघाले. ते सुभाषबाबूंच्या मागोमाग जगभर फिरते. बोटीवरचे युद्ध आले, ब्रह्मदेशातले युद्ध आले. तापीकाठच्या, पांझरेकाठच्या, गिरणाकाठच्या गावात त्या सहा वर्षांत काय चालले होते, हे सांगण्याचे काम मात्र आमच्या ऐतिहासिक कादंबरीने अंगावर घेतले नाही.

यावर एक ठरीव उत्तर मिळते. 'अहो, आमच्या खेड्यांत युद्ध आलेच कुठे? बॉम्ब पडले नाहीत, विमाने आली नाहीत. मग कादंबरी कशाची लिहायची?' हे उत्तर देणारे बहुतेक लोक खानदेशातील चार एकर कापूस कधी उभा पाहिलेले नसतात.

युद्ध खानदेशात कापसाच्या वाटेने आले. आमच्याकडील आखूड धाग्याच्या कापसाचे मोठे गिऱ्हाईक जपान होते. १९४१ च्या डिसेंबरात जपान युद्धात उतरला आणि ती बाजारपेठ बंद झाली. 'अधिक धान्य पिकवा' ही मोहीम १९४२ साली निघाली, आणि १९४४ साली मुंबई सरकारने कायदाच करून कापसाच्या लागवडीवर मर्यादा घातली. ज्या पिकावर जळगाव, अमळनेर आणि धुळे येथील गिरण्यांची धुराडी उभी होती, ते पीक आपल्या शेतात किती घ्यावे हे आता साहेबाचा कागद ठरवू लागला. त्याआधी १९४३ च्या जूनमध्ये कापडावर नियंत्रण आले होते. तांब्याची टंचाई इतकी, की त्याच वर्षी निघालेल्या पैशाला मधोमध भोक होते. लंडनवर बॉम्ब पडला तेव्हा शिंदखेड्याच्या बायकांच्या अंगावरचे लुगडे विरले, असे म्हटले तर ते अलंकारिक वाटेल. पण हिशोब तोच आहे.

आणि केवळ हिशोबच नव्हे. १९४२ च्या ९ सप्टेंबरला नंदुरबारच्या रस्त्यावर तिरंगा घेऊन निघालेल्या मुलांवर गोळीबार झाला. पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती तेथे पडले. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा ते १९९८ साली झाले. इंग्रजी कादंबरीतील वैमानिकासाठी अश्रू ढाळणाऱ्या आमच्या किती घरांत या पाच मुलांची नावे ठाऊक आहेत, हे प्रत्येकाने आपल्याशी विचारून पाहावे.

पुढे १९४४ चा एप्रिल घ्या. आखाजी दहा-अकरा दिवसांवर आली होती. १४ तारखेस धुळ्याहून निघालेला सुमारे साडेपाच लाख रुपयांचा सरकारी खजिना चिमठाण्याजवळ भूमिगतांनी लुटला. डॉ. उत्तमराव पाटील यांच्यासह खानदेशातील मंडळी त्यात होती. साताऱ्याच्या प्रतिसरकारातील जी. डी. लाड आणि नागनाथ नायकवडी हेही होते. त्याच दिवशी दुपारी मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या बोटीवरील कापसाच्या गासड्या पेटल्या, पोटातील दारूगोळा उडाला आणि शेकडो माणसे मेली. एकाच तारखेस मुंबईला कापूस पेटतो आणि कापसाच्या मुलुखात सरकारचा खजिना लुटला जातो! हा योग एखाद्या इंग्रज कादंबरीकाराच्या हाती लागता, तर त्याने त्यावर चारशे पाने लिहिली असती आणि आम्ही ती विकत घेऊन वाचली असती. युद्धाने परागंदा केलेली माणसेही पाहायची असतील तर फार लांब जाण्याचे कारण नाही. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते. तेव्हा 'आमच्याकडे युद्ध आलेच नाही' हे म्हणणे अज्ञान नसेल तर आळस आहे.

दुसरे उत्तर जरा चतुर असते. 'विषय आहे, पण साधन नाही. इंग्रजांच्या माळ्यावर पत्रांच्या पेट्या असतात. आमच्या निरक्षर खेड्यात पत्रे लिहिली कोणी, आणि जपली कोणी?'

हा आक्षेप निदान धुळ्याच्या माणसाने तरी घेऊ नये. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून वाड्यांतली, माळ्यांवरची आणि अडगळीतली दप्तरे धुंडाळली आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' २२ खंडांत बाहेर काढली. त्यांनी देह ठेवला तो धुळ्यास, १९२६ च्या ३१ डिसेंबरला, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्याच शहरी उभे राहिले. आमच्या माळ्यांवर काय असते हे राजवाड्यांनी एकदा दाखवून दिले आहे. त्यांनी जे पेशवाईसाठी केले ते १९४२ साठी करण्यास कोणी हात धरला आहे काय? सावकाराच्या वह्या, पोलीस पाटलाचे कागद, शाळेचे हजेरीपट, तुरुंगातून आलेली कात्री लागलेली पत्रे, पलटणीत गेलेल्या मुलाची मनीऑर्डरची पावती: ही आमची फितीने बांधलेली पत्रे होत. दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीत जातात, हा दोष निरक्षरांचा नव्हे, साक्षरांचा आहे.

शिवाय आमच्याकडे एक अशी पेटी आहे की जी इंग्रजांपाशी क्वचितच असेल. बहिणाबाई चौधरी त्या युद्धाच्या काळात जळगावात होत्या. त्यांना अक्षर येत नव्हते. त्यांची गाणी मुलाने आणि आप्तांनी उतरवून ठेवली म्हणून वाचली. त्या १९५१ च्या डिसेंबरात वारल्या आणि पुस्तक निघाले ते १९५२ साली. उतरवून घेणारे कोणी नसते तर? किती घरांत तसे कोणी नव्हते? आमची स्मृती कागदावर थोडी आणि मुखात फार आहे. ती अहिराणीत आहे, तावडीत आहे, लेवा बोलीत आहे, आणि त्या बोली आज शिकलेल्या नातवंडांस कळेनाशा झाल्या आहेत. दुपेडी कादंबरीस लागणारी दोन काळांतील दरी आमच्या घरांत अशी आयतीच पडली आहे. एका पेडाची भाषा दुसऱ्या पेडास समजत नाही, याहून अस्सल रहस्य माळ्यावर शोधण्याची गरज नाही.

परंतु येथेच आम्हांस आमच्या होतकरू लेखकांस सावध करावयाचे आहे. इंग्रजी साचा जसाच्या तसा उचलून त्यात चिमठाणे घातले, वैमानिकाऐवजी भूमिगत घातला आणि लंडनऐवजी पुणे घातले, की मराठी कादंबरी झाली, असे कोणी समजू नये. त्या साच्यात एक खोट आहे. तेथे भूतकाळ नातीस काही मागत नाही. पेटी उघडते, रहस्य कळते, आणि ज्यांचे रहस्य ते सारे मेलेले असतात. नातीस एक सुंदर दुःख आणि बहुधा एक नवा नवरा मिळतो. जुन्या काळाने आजच्या माणसाचे मन हलके करावे, एवढेच त्याचे काम. आमच्या गावांत मात्र भूतकाळ अजून ऋणको-धनकोच्या नात्याने वावरतो. याचे एक उदाहरण आम्ही डोळ्यांनी पाहिले, ते सांगतो.

आमच्या नात्यातील एका घरी कॉलेजात जाणारी मुलगी अशीच एक कादंबरी संपवून डोळे पुसत बसली होती. ओसरीवर खाटेवर तिची पणजी होती. माहेर शिंदखेडा तालुक्यातले, १९४४ साली वय दहाच्या आसपास. आम्ही सहज विचारले, 'आजी, त्या सालचे काही आठवते का?' म्हातारी प्रथम 'काय सांगू, भाऊ' म्हणून हसली. मग तिने सांगितले, की घरात कापूस होता, पण बाहेर नेसून जाण्याजोगे लुगडे दोघी जावांत एकच होते. एक बाजारास गेली म्हणजे दुसरी घरात राही. एकदा पोलीस गावात आले तेव्हा आईने दोन रात्री दिवा लावला नाही; घासलेट नव्हते हे एक कारण, आणि मागच्या खोलीत कोणी निजले होते हे दुसरे. पणती ऐकतच राहिली. ज्या काळोखासाठी ती तासाभरापूर्वी रडली होती, तोच काळोख तिच्या घरात होता, आणि तिला कोणी सांगितले नव्हते. तिने विचारले, 'मग पोलिसांना सांगितले कोणी?' म्हातारी गप्प झाली. बऱ्याच वेळाने म्हणाली, की त्या घरी आपले अजून जाणे-येणे आहे. त्यांची पोर आपल्या घरी दिली आहे. आणि तिने तोंड भिंतीकडे वळविले.

आमच्या मते मराठी दुपेडी कादंबरी त्या म्हातारीने तोंड वळविले तेथे सुरू होते. जे कळल्याने आजच्या माणसाचे काही बिघडत नाही, ते उकरून काढण्यासाठी दोन काळ एकत्र विणण्याचा खटाटोप कशाला? ज्याने सोयरीक मोडेल, ज्याने गावच्या चौकातील पुतळ्याखालचा मजकूर बदलावा लागेल, ते विचारण्याची हिंमत लेखकास हवी.

असे प्रश्न खानदेशात थोडे नाहीत. एकाच गावातून पाटलाचा मुलगा भूमिगत झाला आणि महारवाड्यातील मुलगा पलटणीत गेला. १९४१ साली महार रेजिमेंट नव्याने उभी राहिली होती, आणि ज्याला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते त्याला तेथे गणवेष आणि पगार मिळाला. या दोघांतील देशभक्त कोण? पाटलाचा नातू उत्तर चटकन देईल. दुसऱ्याच्या नातवाचे उत्तर ऐकल्याशिवाय कादंबरी पुरी होणार नाही.

दुसरा प्रश्न याहून जुना आहे. चिमठाण्याच्या आधी ८६ वर्षे, १८५७ च्या नोव्हेंबरात, शिरपूरच्या उत्तरेस सेंधव्याच्या घाटात सुमारे ७ लाखांचा सरकारी खजिना लुटला गेला होता. लुटणारा खाजा नाईक; घाटाच्या रस्त्याची राखण करण्यास एके काळी सरकारनेच नेमलेला. पुढच्या एप्रिलात सातपुड्यात अंबापाणी येथे भिल्लांची आणि सरकारी फौजेची लढाई झाली. मुलूख तोच, सरकार तेच, महिनाही एप्रिलच. तरी आमच्या बैठकीच्या खोलीत १९४४ ची लूट 'क्रांती' असते आणि १८५७ ची पुष्कळदा 'भिल्लांची दंगल' असते. हा शब्दांचा फरक कोणी केला, आणि त्यात आपले सोयीचे काय होते, हे दोन पेड एकत्र विणल्याशिवाय दिसणारच नाही. असे विणकाम मराठीत अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांनी २०१० साली 'हिंदू' लिहून एक पुराणवस्तुसंशोधक सिंधूकाठच्या उत्खननातून थेट आपल्या खानदेशी गावात आणून उभा केला. त्या पुस्तकाशी कोणाचे मतभेद असतील, आमचेही आहेत. पण खानदेशची काळी माती दोन काय, वीस काळ पोटात घेऊ शकते हे त्याने सिद्ध केले आहे.

कोणी म्हणेल, जुन्या जखमा कशाला उकरता? गावात आज शांतता आहे. यातले खरे आहे तेवढे आम्ही मान्य करतो: म्हातारीच्या सोयऱ्याचे नाव छापून तिच्या पणतीचे भले होणार नाही. म्हणूनच तर कादंबरी हवी. जे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात विचारता येत नाही, जे सत्काराच्या सभेत बोलता येत नाही, ते नाव-गाव बदलून, पण मनाशी प्रतारणा न करता, मांडण्याची सोय माणसाने याच कलेत करून ठेवली आहे. ही सोय असताना आम्ही गौरवग्रंथ काढतो, हारतुरे घालतो, आणि बाकीचे सत्य सरणावर जाऊ देतो. त्याला शांतता म्हणणे आम्हांस मान्य नाही.

वेळ थोडा आहे, हे मात्र विसरू नये. १९४४ साली जो दहा वर्षांचा होता तो आज नव्वदी ओलांडून गेला आहे. लेखकाने उद्या कादंबरी लिहिली तरी चालेल. ऐकण्याचे काम उद्यावर टाकता येणार नाही, आणि ते केवळ लेखकाचे कामही नव्हे. यंदा आखाजीला माहेरवाशिणी घरी येतील, झोके बांधले जातील. त्या चार दिवसांत प्रत्येक शिकलेल्या घराने एक वही काढावी, खाटेवरच्या म्हातारीजवळ बसावे आणि ती ज्या बोलीत सांगेल त्या बोलीत उतरून घ्यावे. ती जेथे गप्प होईल तेथे पानावर कोरी जागा सोडावी. इंग्रजी कादंबरी तोवर फडताळात राहील. तिच्यातील वैमानिकाचे काय झाले हे आपणांस ठाऊकच आहे.